एका पडद्याचा रोजमेळ

दिवाळीच्या सुमारास सांगलीत दोन मुहूर्त जवळजवळ येतात. पेढीवर नव्या वहीचे पूजन होते आणि रसिकांना ५ नोव्हेंबरचे वेध लागतात. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले. तो दिवस आता मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो आणि भावे यांच्या नावाचे गौरवपदक सांगलीत ज्येष्ठ रंगकर्मीस दिले जाते. वहीपूजन आणि रंगभूमी दिन यांचा संबंध वरवर पाहता काहीच नाही. एक व्यवहाराचा मुहूर्त, दुसरा कलेचा. तथापि मराठी नाटकाचा आणि त्यामागून आलेल्या चित्रपटाचा इतिहास वहीच्या पानावर मांडून पाहिला, तर हे अंतर फार उरत नाही.

आज हा विषय घेण्याचे कारण वेगळे आहे. सांगली, मिरज, सातारा, कराड अशा गावांत पेठेच्या मध्यभागी एकेकाळी गजबजलेली एकपडदा चित्रपटगृहे होती. त्यांतील काही बंद पडली, काहींच्या जागी व्यापारी संकुले आली, तर काही धूळ खात उभी आहेत. अशा इमारतींची मालकी पुष्कळदा व्यापारी घराण्यांकडे असते. वडिलांच्या पश्चात ती जागा वाटणीला आली की भावांपुढे प्रश्न उभा राहतो : गोदाम करावे, मंगल कार्यालय करावे, की पाडून गाळे काढावेत? चौथा पर्याय सहसा विचारातही घेतला जात नाही. तो म्हणजे शंभर-सव्वाशे आसनांचे एक छोटे स्वतंत्र सभागृह, ज्याच्या दारातील फलकावर पुढच्या महिन्याचे चित्रपट आणि प्रत्यक्ष रंगणारे कार्यक्रम शेजारी शेजारी लिहिलेले असतील. हा पर्याय केवळ हौसेचा आहे की हिशेबात बसणारा, हे तपासून पाहणे योग्य ठरेल.

राजाश्रय ते तिकीट

‘सीता स्वयंवर’ हा प्रयोग राजाश्रयाने झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी तशा धर्तीचे मराठी खेळ करण्याची आज्ञा भावे यांना दिली. खर्चाची चिंता दरबाराची होती. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि तो आधार संपला. पात्रे, वेष, साहित्य आणि एवढ्या माणसांचे पोट यांचा भार भावे यांच्यावर आला. ते मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले.

या घटनेकडे कलेच्या इतिहासात बहुधा विस्ताराचा टप्पा म्हणून पाहिले जाते. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर तो त्याहून मोठा बदल होता. एका धन्याच्या मर्जीवर चालणारी गोष्ट शेकडो अनोळखी माणसांच्या खिशातील नाण्यावर चालू लागली. आश्रयदाता एकच असतो आणि त्याच्याबरोबर आश्रयही जातो. तिकीट घेणारे अनेक असतात. त्यांतील एक गेला तर दुसरा येतो. मराठी रंगभूमी त्यानंतर टिकली ती मुख्यतः या दुसऱ्या वाटेने.

तिकिटाचा व्यवहार किती कठोर असतो, हे चित्रपटाच्या जन्मकाळीही दिसले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्या वेळी केवळ चित्रपट दाखविला गेला नाही. त्याच्या जोडीला नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरती करणारा कलावंत असे प्रत्यक्ष कार्यक्रमही होते. म्हणजे पडदा आणि रंगमंच यांना एकाच तिकिटात बांधण्याची कल्पना आजची नव्हे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यापासूनची आहे.

पुढे सुरतेत मात्र पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये भरला, असे सांगितले जाते. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय असलेल्या गावाला तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महाग वाटला. फाळके यांनी दर उतरविला नाही. त्यांनी जाहिरातीतून ग्राहकाला मालाचे माप सांगितले : हजारो छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, अवघ्या तीन आण्यांत! पेढीवर बसणाऱ्या कोणासही ही युक्ती ओळखीची वाटेल. ग्राहक दरावर अडला, तर कधी कधी दर कमी करण्यापेक्षा मालाची ओळख नीट करून द्यावी लागते.

तंबूपासून संगणकीय किल्लीपर्यंत

सातारा जिल्ह्याने या व्यवसायाचे आणखी एक रूप पाहिले. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की पालीच्या खंडोबाची, सुगीनंतर भरणाऱ्या यात्रांमध्ये फिरत्या चित्रपटगृहांचे तंबू उभे राहत. मालमोटारीतून प्रक्षेपक यंत्र यायचे, कापडी पडदा ताणला जायचा आणि जमिनीवर बसून माणसे मध्यरात्रीपर्यंत खेळ पाहायची. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ च्या कान महोत्सवात माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. तंबूच्या मालकाचा व्यवसाय साधा होता : जिथे माणसे आधीच जमणार आहेत आणि ज्या तारखेला जमणार आहेत, तिथे त्या तारखेला जाऊन उभे राहायचे. यात्रेचे पंचांग हाच त्याचा आगामी कार्यक्रमांचा फलक होता.

गावातील कायमच्या चित्रपटगृहाला ही सोय नाही. त्याला माणसे स्वतः जमवावी लागतात. पूर्वी त्यासाठी शुक्रवारची वाट पाहिली जाई. एस.टी.ने किंवा रेल्वेने रिळांची पेटी यायची, नवी भित्तिपत्रके लागायची आणि रिक्षावरील कर्ण्यातून नव्या खेळाची दवंडी पिटली जायची. हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चाले. पेटी वेळेवर आली नाही तर खेळ रद्द होई.

आता पेटी गेली आहे. चित्रपट संगणकीय स्वरूपात, उपग्रहाद्वारे किंवा हार्ड डिस्कवर येतो. तो कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली ठरावीक यंत्रासाठी, ठरावीक दिवसांपुरतीच दिली जाते. या बदलाचा लहान चित्रपटगृहाला एक मोठा लाभ झाला. पूर्वी एका चित्रपटाच्या मोजक्या प्रती निघत आणि त्या मोठ्या शहरांत फिरून झाल्यावर जिल्ह्यात येत. तोवर चित्रपट शिळा झालेला असे. आज साताऱ्यात आणि मुंबईत तो एकाच दिवशी लागू शकतो. तोटा असा की तो त्याच सुमारास मल्टिप्लेक्समध्येही लागतो आणि काही आठवड्यांत घरातील दूरचित्रवाणी संचावरही येतो. म्हणजे माल सर्वांकडे एकच. अशा वेळी दुकान चालते ते दुकानदाराच्या निवडीवर आणि ग्राहकाशी असलेल्या ओळखीवर.

तीस प्रेक्षक आणि बेचाळीस प्रेक्षक

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू या. पुढील सर्व आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील दर त्यांच्या जागी घालून पाहावेत.

समजा, स्वतःच्या मालकीची सुमारे ३,००० चौरस फुटांची जुनी इमारत आहे आणि तीत १२० आसने आहेत. दररोज दोन खेळ, म्हणजे आठवड्याला १४. तिकीट ८० रुपये. प्रत्येक खेळाला सरासरी ३० प्रेक्षक, म्हणजे एक चतुर्थांश आसने भरली. आठवड्याला ४२० तिकिटे आणि ३३,६०० रुपये जमा. वितरकाचा वाटा चित्रपटानुसार आणि आठवड्यानुसार बदलतो; सोयीसाठी तो निम्मा धरू. उरले १६,८०० रुपये. चार आठवड्यांचे ६७,२०० रुपये.

खर्चाच्या बाजूस चार कर्मचाऱ्यांचे वेतन ४८,०००, वीज २५,०००, यंत्राची सेवा व दुरुस्ती १२,००० आणि स्वच्छता, परवाने, विमा मिळून १०,००० असे धरले, तर मासिक खर्च ९५,००० रुपये होतो. म्हणजे केवळ चित्रपटावर विसंबून राहिल्यास महिन्याला २७,८०० रुपयांची तूट येते. अनेक चित्रपटगृहे बंद का पडली याचे उत्तर या एका ओळीत आहे.

आता फलकावर दुसरा रकाना काढू. महिन्यातून चार वेळा, चित्रपटाच्या वेळा सोडून, प्रत्यक्ष कार्यक्रम ठेवायचा : एकपात्री प्रयोग, अभिवाचन, भावगीतांची किंवा शास्त्रीय गायनाची छोटी बैठक, मुलांसाठी कथाकथन. तिकीट २०० रुपये आणि ९० प्रेक्षक धरले तर १८,००० रुपये जमा. त्यातून निम्मे, म्हणजे ९,००० कलावंतास आणि ३,००० ध्वनिव्यवस्था व छपाईस दिले, तर ६,००० उरतात. चार कार्यक्रमांचे २४,०००. त्याशिवाय सकाळच्या रिकाम्या वेळी सभागृह प्रशिक्षण वर्गांना, कंपन्यांच्या बैठकांना किंवा शाळांना भाड्याने दिले आणि अशी आठ सत्रे प्रत्येकी २,५०० रुपयांप्रमाणे मिळाली, तर आणखी २०,०००. एकूण जमा १,११,२०० रुपये होते आणि तुटीच्या जागी १६,२०० रुपयांची शिल्लक दिसू लागते.

येथे थांबून आनंद मानण्याचे कारण नाही. तीच इमारत गोदाम म्हणून चौरस फुटास १५ रुपये दराने दिली, तर महिन्याला ४५,००० रुपये येतात आणि डोक्याला ताप नाही. वाटणीत आलेल्या जागेबद्दल धाकटा भाऊ हाच आकडा पुढे ठेवील आणि त्याचे चुकत आहे असे म्हणता येणार नाही. भावनेने या आकड्याला उत्तर देता येत नाही.

उत्तर प्रेक्षकांच्या संख्येत आहे. प्रत्येक खेळाला तीसच्या ऐवजी बेचाळीस प्रेक्षक आले, बाकी सर्व तसेच राहिले, तर आठवड्याला ५८८ तिकिटे होतात. जमा ४७,०४० रुपये, त्यातील निम्मा वाटा २३,५२० आणि महिन्याचे ९४,०८० रुपये. कार्यक्रम व भाड्याचे ४४,००० मिळवून आणि ९५,००० खर्च वजा करून शिल्लक राहते ४३,०८० रुपये. गोदामाच्या भाड्याच्या अगदी जवळ!

म्हणजे गावात एक सभागृह असणे आणि त्या जागी एक गोदाम असणे, यांतील फरक खेळामागे बारा माणसांचा आहे. आठवड्याला १६८ तिकिटे. चौघांच्या बेचाळीस कुटुंबांइतकी. आणि प्रत्येक कुटुंब महिन्यातून एकदाच येणार असे धरले, तर सर्व मिळून १६८ कुटुंबे. सांगली किंवा सातारा यांसारख्या जिल्ह्याच्या गावी ही संख्या अशक्य नाही.

या गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. यात यंत्रांचा घसारा आणि कर्जावरील व्याज धरलेले नाही. जमीन विकत घेऊन आणि कर्ज काढून नवी इमारत बांधू पाहणाऱ्यास हे गणित लागू पडत नाही. त्याचा पहिला हप्ताच शिल्लक गिळून टाकील. ज्यांच्याकडे इमारत आहे आणि तिच्यावर बोजा नाही, त्यांच्यासाठीच हा विचार आहे.

सांगलीच्याच इतिहासात याविषयीचा एक इशारा आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या बळवंत संगीत मंडळीने नाटकात मोठे यश मिळविले. बोलपट आल्यावर मंडळीने आपले भांडवल चित्रपटनिर्मितीकडे वळविले. १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ आला. परंतु या व्यवसायाने मंडळीला सावरले नाही, उलट आर्थिक ओझ्याखाली आणले. गुणवत्ता अलौकिक होती. जोखीम मात्र एकाच ठिकाणी साठली होती. छोट्या सभागृहाने नेमके याच्या उलट वागावे. एका चित्रपटावर, एका कलावंतावर किंवा एका सणावर संपूर्ण महिना टांगून ठेवू नये.

कर, परवाने आणि विमा

व्यवहारात उतरणाऱ्यांनी काही बाबी आधी समजून घ्याव्यात. पूर्वीचा करमणूक कर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात सामावला गेला. चित्रपटाच्या १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याहून महाग तिकिटावर तो १८ टक्के आहे. म्हणजे ८० रुपयांच्या तिकिटावर चार रुपये कर पडतो. ही सवलत स्वस्त तिकिटाच्या लहान चित्रपटगृहास अनुकूल आहे. नाटक, नृत्य किंवा संगीताच्या कार्यक्रमास तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल, तर प्रवेशावर हा कर लागत नाही. फलकावरील दोन रकाने करांच्या दृष्टीनेही वेगळे आहेत. म्हणून त्यांचे हिशेबही वेगळे ठेवावेत.

चित्रपट दाखविण्याचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळतो. रंगमंचावरील प्रयोगाची परवानगी ही स्वतंत्र बाब असून नाटकाच्या संहितेस रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. घरी वर्गणी भरून मिळणारा चित्रपट सभागृहात लोकांना दाखविता येत नाही. ती वर्गणी घरगुती पाहण्यापुरतीच असते. सार्वजनिक मंडळेही याबाबत नकळत चूक करतात. हक्कधारकाची लेखी परवानगी घेणे हाच सरळ मार्ग होय.

पालकांसाठी एक उपयुक्त बदल झाला आहे. २०२३ मध्ये चित्रपटविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन वयोगट करण्यात आले. सभागृहाच्या फलकावर चित्रपटाच्या नावापुढे हा गट ठळकपणे लिहिला, तर नातवंडांना घेऊन जाणाऱ्या आजोबांना दारात संकोच वाटणार नाही.

विम्याचा विषय सांगलीकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०२१ च्या जुलैमध्येही पेठेत पाणी शिरले. नदीकाठच्या गावात प्रक्षेपक आणि विजेची मुख्य यंत्रणा वरच्या मजल्यावर असावी आणि विमापत्रात पुराचा उल्लेख स्पष्ट असल्याची खात्री करून घ्यावी. आगीचा धोका याहून कमी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये उभे राहिलेले कोल्हापूरचे नाट्यगृह, म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळले. शंभर वर्षे जपलेली वास्तू एका रात्रीत जाऊ शकते. अग्निशमन यंत्रणेची वार्षिक तपासणी हा खर्च काटकसरीच्या यादीत कधीही घालू नये.

भाडेकराराचाही विचार हवा. पुण्यातील प्रभात चित्रपटगृह सप्टेंबर १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ या चित्रपटाने सुरू झाले. मराठी चित्रपटाचे हक्काचे घर म्हणून ते आठ दशके चालले. डिसेंबर २०१४ मध्ये भाडेकरार संपला आणि जागा मूळ मालकांकडे परत गेली. पुढे तेथे ‘किबे लक्ष्मी’ या नावाने पुन्हा चित्रपट दाखविले जाऊ लागले. मालकांनी जागेचा उपयोग बदलला नाही म्हणूनच तेथे पडदा राहिला. प्रेक्षकांचे प्रेम कितीही असले, तरी पडद्याचे भवितव्य शेवटी जागेच्या कागदावर ठरते.

सभासद हाच नवा आश्रयदाता

खेळामागे बारा माणसे वाढवायची कशी? जाहिरातीचा खर्च वाढवून हे सहसा साधत नाही. जगभरच्या छोट्या चित्रपटगृहांनी यासाठी सभासदत्वाची वाट धरली. लंडनच्या ईस्ट फिंचली भागातील फिनिक्स हे शंभर वर्षांहून जुने चित्रपटगृह १९८० च्या दशकात बंद पडण्याच्या बेतात होते. स्थानिकांनी विश्वस्त संस्था स्थापून ते वाचविले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने डिसेंबर २००६ पासून आणि लंडनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांच्या पडद्यावर थेट दाखविण्यास आरंभ केला. त्यामुळे चित्रपट न पाहणारा प्रेक्षकही त्या दारात येऊ लागला.

आपल्याकडे हा विचार परका नाही. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये कोलकात्यात फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये अशा सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या चित्रपटांचे जतन केले आणि फिल्म सोसायट्यांना उत्तम चित्रपट उपलब्ध करून दिले. या सर्वांचे अर्थकारण एका गोष्टीवर उभे होते : वर्षाची वर्गणी आधी, चित्रपट नंतर. व्यापाऱ्याच्या भाषेत आगाऊ रक्कम. हाती आलेल्या वर्गणीमुळे चालकाला सहा महिन्यांच्या तारखा आत्मविश्वासाने ठरविता येतात. तारखा ठरल्या की चांगला कलावंत मिळतो, आणि चांगला कलावंत मिळाला की वर्गणीदार टिकतो.

एका चौकोनी कुटुंबाचा हिशेब पाहू. महिन्यातून एकदा चौघांची चार तिकिटे, ३२० रुपये. त्यावरील कर १६ रुपये. वर्षाचे ४,०३२ रुपये. अशी १६८ कुटुंबे वर्षारंभी पुढे आली, तर वर मांडलेले गणित पूर्ण होते. येथे कोणी देणगी देत नाही. देणगीत उपकाराचा भाव असतो आणि ती पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही. वर्गणीदार आपल्या पैशाचा मोबदला मागतो. आसन मोडके असेल तर तक्रार करतो, कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही तर जाब विचारतो. असा चोखंदळ ग्राहक मिळणे हेच संस्थेचे भाग्य.

चालकानेही आपला ग्राहक ओळखावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना सायंकाळी कोणती वेळ सोयीची, हे मुंबईत बसलेली कंपनी ठरवू शकत नाही. गावातील माणूस ठरवू शकतो. पावसाळ्यात सांगलीत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या सुमारास. हिवाळ्यात पावणेसातचा खेळ अशा कुटुंबांना जेवण आटोपून निवांत गाठता येतो. पावसाळ्यात तोच पावणेआठला न्यावा लागेल. अशी कुटुंबे रात्री उपाहारगृहाकडे फिरकणार नाहीत. मोठ्या मल्टिप्लेक्सचा बराचसा आधार खाद्यपदार्थांच्या विक्रीवर असतो, त्यामुळे त्यांना हा ग्राहक तितकासा लाभाचा वाटत नाही. छोट्या सभागृहाला तो लाभाचा आहे, कारण तो सहकुटुंब येतो आणि नेमाने येतो. ज्येष्ठांना जिना चढावा लागू नये, स्वच्छतागृह स्वच्छ असावे, मध्यंतरात पिण्याचे पाणी विनामूल्य मिळावे, एवढ्या गोष्टी सांभाळल्या तरी निम्मे काम होते.

कार्यक्रमांची निवड करताना कमी साहित्यात उभा राहणारा प्रयोग लहान रंगमंचास परवडतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने किंवा लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने एकटा कलावंत भरलेले सभागृह किती वेळ धरून ठेवू शकतो, हे दाखवून दिले आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, १९०५ मध्ये मिरजेत रंगमंचावर प्रथम उभे राहिलेले बालगंधर्व, साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू, अशी नावे ज्या मातीत आहेत, तेथे वर्षभराचे विषय बाहेरून आणावे लागणार नाहीत. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी ठरविण्याचा त्याचा विषय आजच्या कुटुंबांनाही बोलते करील. अशा नाटकाचे अभिवाचन, नंतर अर्धा तास चर्चा आणि पुढच्या रविवारी त्याच काळावरील चित्रपट, असा फलक कोणत्याही मल्टिप्लेक्सच्या दारात दिसणार नाही.

शेजारच्या पेठेलाही यात वाटा आहे. सायंकाळचा खेळ सुटला की माणसे रस्त्यावर येतात. कोणी कापडाच्या दुकानात डोकावतो, कोणी औषधे घेतो, कोणी मुलाची वही. पडदा बंद झालेल्या पेठेत साडेसातनंतर शटर ओढण्याचे आवाज ऐकू येतात, याचा अनुभव अनेकांनी २०२० आणि २०२१ मध्ये घेतला आहे. टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील चित्रपटगृहे काही काळ उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या आसनांवर पुन्हा सुरू झाली. तोवरच्या काळात त्यांच्या अवतीभवतीच्या दुकानदारांनाही आपल्या गल्ल्यात पडद्याचा वाटा किती होता हे कळून आले.

नव्या वहीत घरखर्चाची पाने आखताना किराणा, शिक्षण, औषधोपचार, प्रवास असे रकाने पाडले जातात. करमणुकीचा खर्च बहुधा ‘किरकोळ’ या रकान्यात जातो आणि वर्षाअखेरीस तो कोठे गेला हे सांगता येत नाही. या वर्षी त्यास स्वतंत्र ओळ द्यावी : आपल्या गावातील सभागृह, कुटुंबासह, महिन्यातून एकदा. ज्यांच्याकडे अशी जुनी वास्तू आहे, त्यांनी ती पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी वर मांडलेले गणित आपल्या गावचे दर घालून एकदा भावांसमोर, मुलांसमोर आणि सनदी लेखापालासमोर मांडावे. गोदामाचा आकडा मोठा ठरला तर तोही निर्णय प्रामाणिकच असेल. परंतु बारा माणसांच्या फरकाकडे न पाहता घेतलेला निर्णय अर्धवट हिशेबावर घेतलेला असेल, आणि अर्धवट हिशेबावर सही करण्याची रीत व्यापारी घराण्यांत नाही.